संघ बदललेला गडी

मंडळी, आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रेच्या दिवसांत काय काय रंगते हे मी तुम्हाला सांगायला नको. देवाची पालखी झाली, की दुपारी कुस्त्यांचा फड आणि संध्याकाळी कबड्डीचे सामने. सामन्याच्या वेळी मैदानाकडेला बसलेली म्हातारी माणसे एखाद्या पोराकडे बोट दाखवून विचारतात, "हा गडी मागल्या वर्षी त्या गावाकडून खेळत होता ना? तिथे तर याचे काही चालत नव्हते. इकडे आल्यावर कसा काय चमकायला लागला?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर तितके साधे नाही. हायस्कुलात बास्केटबॉल शिकवणाऱ्या गुरुजींनाही हा अनुभव असेल. चेंडू टपटपवत पुढे आणणारा, कोणाला केव्हा द्यायचा हे ठरवणारा, सगळा डाव ज्याच्या हातून मांडला जातो असा एक गडी त्या खेळात असतो. एका संघात तो कोमेजतो आणि दुसऱ्यात फुलतो. हात तेच, पाय तेच. मग फरक कशाने पडतो?

त्याचे उत्तर आज इतिहासात शोधू. त्यासाठी दोन माणसांची चरित्रे थोडक्यात पाहायची आहेत. एक तुमच्या जुन्नरात राज्य चालवून गेला. दुसरा पुण्याच्या मैदानावर रोलर ओढत होता. पहिल्याची हकीकत आधी सांगतो, कारण दुसऱ्याच्या वाट्याला काय आले नाही, हे तिच्याशी ताडून पाहिले म्हणजे नीट कळते.

पहिला मलिक अंबर. याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, हबसाणात म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला, एकदा नव्हे, अनेकदा. बगदादकडून हातोहात विकला जात तो दख्खनेत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तिथे चंगीझखान नावाच्या पेशव्याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही मूळचा हबशीच होता. त्याच्या पदरी अंबर कारभार शिकला, लष्कर शिकला. धनी मेल्यावर तो मोकळा झाला. काही काळ त्याने विजापूरकरांकडे चाकरी केली, पण तिथे मन रमेना, म्हणून तो परत निजामशाहीत आला. आला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम शेदीडशे स्वार होते.

पुढे १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाल्यातच जमा होते. अशा वेळी अंबराने राजघराण्यातला एक मुलगा परांड्यास गादीवर बसवला आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. तुमचे गाव त्याने का निवडले असेल? एका बाजूला शिवनेरी, चहूकडे डोंगरी किल्ले, आणि पश्चिमेला कोकणात उतरणारा नाणेघाट. नकाशा पाहा, म्हणजे कळेल. मराठी स्वारांना हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. जमिनीची पाहणी करून, मगदूर बघून धारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' या नावाने आपल्या जुन्या दप्तरांत पुढेही टिकून राहिली. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा या दोघांच्या फौजांना एकदम धूळ चारली. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. १६२६ साली अंबर वारला, तेव्हा तो या राज्याचा वकील आणि पेशवा होता. विकत आणलेल्या गुलामाच्या हातात सारे राज्य आले होते.

आता कोणी म्हणेल, निजामशाहीचे मन किती मोठे! तसे काही नाही बरे का. ते पद त्याला कोणी ताटात वाढून दिले नव्हते. दरबारात त्याचे वैरी होते, आणि त्याच्याजवळ स्वतःची फौज होती. नव्या घरात त्याने जागा मिळवली ती तलवारीच्या जोरावर. पण ज्याच्याजवळ तलवार नाही, फक्त हातातली कला आहे, त्याने काय करावे? त्याला जागा कोण देणार? हा प्रश्न मनात ठेवा आणि माझ्याबरोबर पावणेतीनशे वर्षे पुढे, पुण्याच्या लष्कर भागात चला.

तिथे बाळू पालवणकर नावाचा एक मुलगा होता. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ रत्नागिरीकडचे, जात चांभार. वडिलांची नोकरी लष्करातली, म्हणून मुले पुण्याला वाढली. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. घरची गरिबी, म्हणून बाळूंनी लवकरच नोकरी धरली. ती पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. खेळाडूचे हे पहिले स्थलांतर एका रुपयासाठी झाले, हे लक्षात घ्या.

पण त्या एका रुपयाने इतिहास बदलला. पूना क्लबात साहेब लोक सरावाला जाळ्यात येत, तेव्हा त्यांना चेंडू टाकायला कोणीतरी हवे असे. बाळू टाकू लागले. डावखुरी, संथ गोलंदाजी. चेंडू हवेत तरंगत येई आणि टप्पा पडल्यावर भलतीकडेच वळे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंपुढे सराव करी. जितक्या वेळा बाळू त्याला बाद करतील, तितक्या वेळा आठ आणे द्यायचे, असा दोघांत ठराव होता, असे सांगतात. चार रुपये महिन्याच्या गड्याला आठ आण्यांचे मोल काय वाटत असेल! तासन्‌तास चेंडू टाकून हात असा बसला, की डोळे मिटूनही टप्पा चुकू नये. मात्र एक गोष्ट कधी घडली नाही. त्या जाळ्यात बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि बॅट धरणे हे साहेबाचे, असा तो हिशेब होता.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंच्या कानांवर गेली. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा. पण संघात बहुतेक ब्राह्मण, आणि हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला. वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा जड ठरली आणि बाळू हिंदू संघात आले. नव्या संघात ते असे काही फुलले, की पुण्याचे युरोपियन हरू लागले. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना होता. तिथल्या लोकांनी बाळूंची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती दगडासारखी केली. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले. ज्याने इतकी वर्षे स्वतः रोलर ओढला, त्याला खेळपट्टीचे मर्म दुसऱ्याने काय शिकवावे?

मैदानावर ही गंमत. मैदानाबाहेर काय होते ते ऐका. चहाच्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झाला की भांडे फेकून द्यायचे. जेवणाला पान वेगळे, मेजही वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असले, तर अस्पृश्य समाजातलाच नोकर ते लांबून आणून देई. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तोच चेंडू यष्टिरक्षक झेली, क्षेत्ररक्षक अडवी, आणि त्याचा कोणाला विटाळ होत नसे. कपाचा मात्र होई. गुरुजनहो, वर्गात मुलांना हे सांगाल तेव्हा एवढेच विचारा, की चेंडू आणि कप यांत फरक काय? पाहा मुले काय उत्तर देतात ते.

ही विसंगती कोणालाच दिसली नाही असे नाही. साताऱ्याच्या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत कसली, असा त्यांचा खेळाडूंना सवाल होता. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे कौतुक केले. हळूहळू बंधने थोडी सैल झाली. पण सैल होणे वेगळे आणि सुटणे वेगळे.

मग १८९६ साली प्लेग आला आणि पुढे पुण्यातही पसरला. बाळू मुंबईला गेले. त्याच काळात आपल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ भागातली माणसेही पोटासाठी मुंबईची वाट धरत होती. कोणी गोदीत हमाली करी, कोणी लोकांच्या जेवणाचे डबे पोचवी. डबेवाल्यांच्या धंद्याची सुरुवात १८९० च्या सुमारास झाली, असे मानतात. तेव्हा परक्या शहरात जाऊन पाय रोवणे म्हणजे काय, हे तुमच्या घराघरांतून माहीत आहे. बाळूंना बी. बी. सी. आय. रेल्वेत काम मिळाले आणि ते रेल्वेच्या संघातून खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. इथेही काही सभासदांनी हरकत घेतलीच, पण इथेही जिंकण्याची इच्छा जड ठरली.

मुंबईत त्या वेळी मोठे सामने धर्माधर्मांच्या संघांत होत. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, पुढे मुसलमान. तिरंगी, चौरंगी असे त्यांना म्हणत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीवरून देशभर स्वदेशीचा वणवा पेटला होता, त्यामुळे हजारो लोक लोटले. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा काढल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय! बाळूंची गोलंदाजी त्यात मोठी होती आणि भाऊ शिवरामही संघात होता. ज्यांना गावात पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, त्यांच्या हातांनी राज्यकर्त्यांना हरवले होते. पुढल्या वर्षीही हिंदू संघ जिंकला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. महाराज बराच काळ मेजवान्यांत आणि दरबारी समारंभांत गुंतलेले, संघ सामन्यामागून सामना हरत होता. एकूण २३ सामन्यांत ६ जिंकले, १५ हरले. या पडत्या घरात एकच खांब उभा होता. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस. त्यांनी दौऱ्यात ११४ गडी बाद केले, दर गड्यामागे सरासरी १९ पेक्षाही कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाचे एका डावात आठ. लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा, आणि संघाचा तो पहिला विजय. सॉमरसेटविरुद्ध शिवराम नाबाद ११३ धावा काढून एका गड्याने सामना जिंकून देऊन आले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचे नाव जोडले जाते. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. बाळू त्यांना आपल्या समाजाचा आदर्श वाटत होते.

आता खरी मेख पाहा. सगळ्यांत जुना, सगळ्यांत यशस्वी, खेळ सगळ्यांत जास्त कळणारा खेळाडू हा. मग कप्तान कोण? बाळू नव्हेत. १९१० पासून वर्षामागून वर्ष हा प्रश्न निघे आणि निवड समितीच्या खोलीत तिथेच मिटवला जाई. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. पै सरळ मनाचे. हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनी आपल्याच सत्कारात बोलून दाखवले. तरी समितीचे मन पालटले नाही. नव्या संघाने बाळूंचा हात घेतला होता. त्यांचे डोके घ्यायला तो तयार नव्हता. गोलंदाजी चालेल, पण त्यांच्या हुकुमाखाली उभे राहणे चालणार नाही.

मलिक अंबराची गोष्ट इथे आठवा. त्याच्याजवळ फौज होती, म्हणून त्याने राज्य हाती घेतले. बाळूंजवळ फौज नव्हती. खेळाडूजवळ एकच हत्यार असते, ते म्हणजे न खेळणे. ते हत्यार पालवणकर भावांनी १९२० साली काढले. त्या वर्षी चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळलेले. धाकटा भाऊ विठ्ठल उत्तम फलंदाज, अनुभवाने पुढे. पण कप्तानी दिली गेली ती पुण्याचे दि. ब. देवधर यांना. देवधर पुढे मोठे खेळाडू झाले, त्यांच्या योग्यतेविषयी हा वाद नाही. पण या निवडीत जात पाहिली गेली, असे पालवणकर बंधूंना वाटले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपले म्हणणे पत्राने जाहीर केले. लोकांत मोठी चर्चा झाली. अखेर अंतिम सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळूंनाही घेतले आणि उपकप्तान केले. सामना चालू असताना पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या हुकुमाने खेळावा! बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या आयुष्यातली या मोठ्या सामन्यांतली कप्तानी ती एवढीच.

पण तेवढ्याने दार किलकिले झाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी संघ जिंकला. थोरल्याने ज्या दारावर वीस-पंचवीस वर्षे थाप मारली, त्यातून धाकटा आत गेला.

बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द मांडायची तर ३३ सामने आणि १७९ बळी, सरासरी १५ धावांच्या आसपास. पुढे ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभे केले. एके काळी ज्या तरुणाला ते आदर्श वाटत होते, त्याच्याविरुद्ध! बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण दोघांनी सोसले होते ते एकच. १९५५ च्या जुलैत बाळू पालवणकर वारले.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. संघ बदलल्यावर गडी का फुलतो? बाळूंच्या आयुष्याकडे पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, नव्या ठिकाणी त्याच्या कलेची गरज असते. दुसरी, तिथे त्याला काम मिळते, रोज हात चालवायला मिळतो. आणि तिसरी, त्याला बरोबरीची जागा मिळते. पहिल्या दोन गोष्टी बाळूंना प्रत्येक नव्या संघाने दिल्या, म्हणून ते फुलले. तिसरी कोणी पुरती दिली नाही. ती मिळाली असती, तर ते आणखी किती मोठे झाले असते? जाळ्यात बॅट हाती मिळाली असती तर? दहा वर्षे आधी कप्तानी मिळाली असती तर? नुकसान एकट्या बाळूंचे झाले नाही. ज्या संघांनी हात घेतला आणि डोके नाकारले, त्या संघांचेही झाले.

आणि मंडळी, हे फक्त मैदानाचे नाही. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आणि माणसांना घरदार उचलून नव्या जागी जावे लागले. उसाच्या आणि द्राक्षांच्या कामाला बाहेरगावची माणसे आपल्याकडे येतात, त्यांची पोरे आपल्या शाळेत बसतात. तुमची मुले मुंबईला, पिंपरीला जातात. कोणी ना कोणी सतत संघ बदलत असतो. त्यांच्या हातांचा उपयोग आपण करून घेतो. पण गावाच्या पंक्तीला, ग्रामसभेत बोलायला, शाळेत वर्गप्रमुख व्हायला त्यांना जागा असते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

गुरुजींना एक सुचवतो. शाळेचा संघ निवडताना नव्या आलेल्या मुलाला नुसता खेळवू नका. चार सामने झाले की एकदा त्याला कप्तान करून बघा. तो चुकेल, शिकेल. बाकीची मुलेही एक गोष्ट शिकतील, की कालपरवा आलेल्याचे ऐकून खेळण्यात कमीपणा नसतो. पै यांना हे कळत होते. म्हणून तर ते त्या दिवशी मैदानाबाहेर गेले.